काचेवरचं की काचेचं?

जुन्या वस्तूंच्या बाजारात एकदा एक बाटली फार आवडली. फिकट हिरवी, उतरत्या खांद्यांची, काचेत दोन-तीन बुडबुडे अडकलेले. विक्रेत्याने ती पाण्याच्या बादलीतून काढून हातात दिली. "आत्ताच धुतलीय साहेब, बघा कशी आरशासारखी." खरंच तशी होती. घरी आणून खिडकीत ठेवली आणि संध्याकाळी पाहतो तर आतून सगळी दुधाळ. कुणी ताक भरून ओतून टाकल्यासारखी. पुन्हा धुतली, पुन्हा लख्ख. वाळली, पुन्हा ताक.

असं तीनदा झाल्यावर मला आजी आठवली. तेलाची बाटली चिकट झाली की ती म्हणायची, "मूठभर वाळू घाल, घोटभर पाणी घाल आणि खळखळव." मी खळखळवलं. चांगलं पाच-सात मिनिटं, हात दुखेपर्यंत. ताक तिथंच राहिलं. वर उजेडात धरल्यावर बाटलीच्या पोटात बारीक कमानदार रेघा दिसू लागल्या, शेकड्यांनी. त्या रेघा आजही आहेत.

पुढे बऱ्याच बाटल्या हाताखालून गेल्या आणि कळलं, की चूक वाळूपाशी सुरू झालीच नव्हती. ती त्याआधी झाली होती. बाटलीत दिसणारं पांढरं काचेवर बसलंय की ती काचच तशी झालीय, हे मी पाहिलंच नव्हतं. काचेवर बसलेलं काढता येतं. काचच तशी झाली असेल तर घासून काढायला तिथे काही नसतंच, आणि जे घासलं जातं ती निरोगी काच असते.

काचेला पाणी लागत नाही अशी आपली समजूत असते. दवाखान्यातलं औषध, अत्तर, लोणचं, सगळं आपण त्याच भरवशावर काचेत ठेवतो. ही समजूत अडीचशे वर्षांपूर्वीच मोडली होती. पाणी सतत उकळत ठेवलं की त्याची माती होते, असं त्या काळी अनेक विद्वान मानत, कारण उकळून उकळून आटवलेल्या पाण्याखाली खरोखरच मातकट गाळ उरे. पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिएने 1768 च्या ऑक्टोबरात काचेच्या बंद भांड्यात शुद्ध पाणी घेतलं आणि ते सलग 101 दिवस तापवत ठेवलं. आधी आणि नंतर सगळं तोलून पाहिलं. एकूण वजन बदललं नव्हतं. भांडं मात्र हलकं झालं होतं. गाळ पाण्यातून आला नव्हता, काचेतून आला होता.

आपल्या नेहमीच्या बाटलीची काच वाळू, सोडा आणि चुना वितळवून केलेली असते. त्यातली सुमारे सत्तर टक्के वाळू, म्हणजे सिलिका. सोड्यामुळे ती कमी उष्णतेत वितळते आणि चुन्यामुळे पाण्यात विरघळायची थांबते. पण पूर्णपणे थांबत नाही. पाणी काचेतला सोडियम हळूहळू ओढून घेतं आणि त्या जागी स्वतः शिरतं. पृष्ठभागावर एक सच्छिद्र, पाणी प्यायलेला थर तयार होतो. इथवर फारसं बिघडत नाही. खरं नुकसान बाटली अर्धवट ओली ठेवून बूच मारलं की होतं. भरलेल्या बाटलीत सुटलेला सोडियम भरपूर पाण्यात पसरतो. बूच मारलेल्या, आतून नुसत्या दमट बाटलीत तो दवबिंदूएवढ्या पाण्यात साठतो, ते पाणी तिखट अल्कधर्मी होतं आणि सिलिकेलाच खायला लागतं. कोकणातल्या माळ्यावर चार पावसाळे बूच लावून पडलेली रिकामी बाटली तेल भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त खराब निघते, ती यामुळे. इंग्रज संग्राहक अशा काचेला सरळ 'आजारी' म्हणतात, आणि मला तो शब्द पटतो.

आता विक्रेत्याची बादली. भजी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. तेल लागतं तिथे कागद आरपार दिसू लागतो. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यावर आपटून प्रकाश विखुरतो. तेलाने ती जागा भरली की प्रकाश सरळ निघून जातो. आजारी काचेच्या बारीक खड्ड्यांत पाणी भरलं की तेच होतं. म्हणून ओली बाटली कधी विकत घेऊ नये. काही जण आत तेलाचा हात फिरवतात. ते वाळत नाही, त्यामुळे फसवणूक जास्त दिवस टिकते. बाटली हातात घेतल्यावर आधी तिच्यात बोट घालावं आणि मग वास घ्यावा.

परीक्षा अशी. बाटली पूर्ण कोरडी करून मोबाइलच्या दिव्यासमोर तिरकी धरा. पांढरेपणा एका रेषेपर्यंतच असेल, म्हणजे कधीकाळी पाणी जिथवर भरलं होतं तिथवर, किंवा थराथरांनी असेल, तर तो बहुधा क्षार आहे. चमचाभर व्हिनेगर आत सोडून ते त्या जागी धरून ठेवा. बारीक बुडबुडे आले तर नक्कीच चुनखडी. बुडबुडे न येताही रात्रीत थर पातळ झाला तरी आशा आहे. दोन दिवसांत काहीच हललं नाही आणि काच ओली असताना स्वच्छ, वाळल्यावर धुरकट, असा खेळ चालू राहिला, तर ती काचच तशी आहे. हे कळल्यावर थांबायचं. जमिनीत पुरलेल्या बाटल्यांवर कधीकधी मोरपिशी झाक दिसते. तीही अशा सोलपटलेल्या थरांचीच असते आणि ती काढायच्या फंदात तर मुळीच पडू नये. रोमन काळातल्या काचेची अर्धी शोभा तीच आहे.

बाकीच्या बाटल्यांचं बोलू. त्याच जास्त असतात.

ओरखडा कशाने उठतो हे ठरवायला खनिजशास्त्रज्ञांची एक साधी पट्टी आहे. फ्रीडरिश मोस यांनी ती 1812 मध्ये मांडली. जास्त कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर रेघ मारतो, उलट होत नाही, एवढंच तिचं तत्त्व. बाटलीची काच या पट्टीवर साधारण साडेपाचवर बसते. मीठ अडीचवर. चुनखडी तीनवर, म्हणून अंड्याचं टरफलही तिथेच. तांबं तीनच्या आसपास. गारगोटी सातवर. नदीच्या वाळूत गारगोटीचे कण असतातच. आजीच्या हातात त्या वाळूने पितळेची कळशी सोन्यासारखी चमकायची, कारण पितळेवर उठलेल्या बारीक रेघा कुणाला दिसत नाहीत. काचेवर त्या दिसतात.

नुसत्या दिसत असत्या तर एक वेळ चाललं असतं. काच मोडते ती मात्र ओरखड्यापासून. ए. ए. ग्रिफिथ हे इंग्रज अभियंता विमानांच्या भागांतल्या भेगांचा विचार करत होते. त्यांनी काचेच्या नळ्या आणि फुगे घेतले, त्यांवर मुद्दाम भेगा पाडल्या आणि आतून दाब देऊन ते फोडून पाहिले. 1921 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखाचं सार असं, की काचेची ताकद कमी असते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म चिरांमुळे. ताण त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो. कोवळा, न हाताळलेला काचेचा धागा जाड काचेच्या मानाने कितीतरी जास्त ताण सहन करतो. बाटलीच्या आतली बाजू सहसा कुणाच्या हाताला लागत नाही. ती तिची सगळ्यात निकोप बाजू असते, आणि नेमकी तिच्यातच आपण वाळू खळखळवतो.

मग काय घालायचं? तांदूळ. बऱ्याच घरांत हे माहीत असतंच, पण त्यात एक मेख आहे. तांदूळ काचेपेक्षा मऊ असतो, तांदळातला खडा नसतो. एकच खडा सापडला तर सगळ्या बाटलीत त्याची सही उमटते. म्हणून बाटलीसाठीचा तांदूळ जेवणाच्या तांदळापेक्षा काळजीपूर्वक निवडावा. थाळीत पसरून, उजेडात. मिठाचंही तसंच. मिठागराचं खडेमीठ टोकदार, जाड आणि घासायला उत्तम दिसतं, पण त्याचा एक चमचा पेलाभर पाण्यात विरघळवून तासभर ठेवा. पेल्याच्या तळाशी बसलेला राखाडी गाळ बोटांच्या चिमटीत चोळला की करकरतो. ती वाळू आहे. पाकिटातलं बारीक मीठ घ्यावं. 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळून जातं, तेव्हा पाणी अगदी थोडं आणि मीठ भरपूर हवं, नाहीतर घासायला दाणाच उरत नाही. स्पिरिटमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही. अत्तराची जुनी कुपी साफ करायला स्पिरिट आणि मीठ ही जोडी म्हणूनच फार चांगली. फक्त शेजारी गॅस पेटलेला नसावा.

अंड्याची टरफलं चुरून साबणाच्या पाण्याबरोबर चालतात. व्हिनेगरमध्ये टाकू नका, तिथे घासणारी टरफलंच विरघळून जातात. राख आणि रांगोळी मी वापरत नाही. रांगोळीची पूड मऊ दगडाची आहे की गारेची, हे पाहून सांगता येत नाही.

पण घासणं हे नेहमी शेवटचं काम. आधी भिजवणं. जुन्या बाटलीवर माणसं ओरखडे पाडतात ती बहुतेक वेळा घाईमुळे. जे काम एका रात्रीत आपोआप होणार असतं, ते त्यांना दहा मिनिटांत हवं असतं.

पांढऱ्या क्षारांना आंबट लागतं. व्हिनेगरात चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं, ते पुरतं. मला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, जास्त सोयीचं वाटतं. वास नाही, स्वस्त आहे, किराणा दुकानात मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे. बाटली गळ्यापर्यंत भरून रात्रभर ठेवायची. कागदी लेबल जपायचं असेल तर बाटली पाण्यात बुडवू नये, फक्त आत भरावं. गंजाचे तांबूस डागही यानेच बरेच जातात, वेळ दुप्पट लागतो. बाजारातल्या गंज काढणाऱ्या द्रावणांपासून मात्र चार हात लांब राहा. त्यांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते आम्ल काच विरघळवतंच, शिवाय कातडीतून शिरून हाडापर्यंत इजा करतं. संडास धुण्याचं अ‍ॅसिडही घरच्या बाटलीसाठी काढायचं कारण नाही. आणि ते ब्लीचच्या जवळ गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. आंबट काही आणि ब्लीच, ही जोडी एका मोरीत कधीच नको.

तेलाचं प्रकरण वेगळं आहे. सगळी तेलं सारखी चिकटत नाहीत. खोबरेल वर्षानुवर्षं राहिलं तरी खवट होतं, थंडीत थिजतं, पण गरम पाणी आणि साबण दाखवला की निघून जातं. जवसाचं तेल आणि काही प्रमाणात करडईचंही हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्याचं चक्क व्हार्निश होतं. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात ते याच गुणासाठी. बाटलीच्या आत मधासारखा पिवळा, नखालाही न सुटणारा थर दिसला तर साबणावर वेळ घालवू नका. धुण्याचा सोडा घ्या. खायचा नव्हे, धुण्याचा. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, आणि रात्रभर. सकाळी तो थर कडेने सुटून पापुद्र्यासारखा तरंगताना दिसतो. नाही सुटला तर पाणी बदलून आणखी एक रात्र. महिनाभर विसरू मात्र नका. अल्कली काचेलाही खाते, हे वर आलंच आहे.

पाणी 'कोमट' म्हणतोय त्याला कारण आहे. साधी काच एकदम चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी तडकू शकते. जुन्या हाती फुंकलेल्या बाटलीची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असते आणि तिच्यात घडतानाचे ताण राहून गेलेले असतात. तिच्यावर उकळतं पाणी ओतणं म्हणजे जुगार. आधी नळाचं, मग कोमट, मग किंचित गरम, असं चढत जावं.

फुलदाणीसारख्या वापरल्या गेलेल्या बाटल्यांत शेवाळ आणि कुजकट तपकिरी थर असतो. त्याला कवळी स्वच्छ करायची गोळी लाजवाब. पाण्यात टाकली की ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि ब्रश पोहोचत नाही त्या कोपऱ्यातही पोहोचतात. औषधाच्या जुन्या बाटल्यांबद्दल मात्र मी भित्रा आहे. निळी, सहा कोनांची, अंगावर उभ्या रेघा असलेली बाटली बहुतेक वेळा विषारी औषधाची असते. अंधारात हाताला कळावं म्हणून त्या रेघा. तळाशी काही वाळलेलं दिसलं तर ती धुवायच्या भानगडीत पडू नये. हातमोजे घातलेले असले तरीही.

ब्रश घेताना त्याचं टोक पाहा. बाटलीच्या ब्रशची पीळदार तार बहुतेक वेळा टोकाला उघडी असते आणि बुडावर गोल गोल ओरखडे काढते. टोकाला चिंधी गुंडाळून दोरा बांधला की झालं. पण खांद्याच्या आतला भाग कुठल्याच सरळ ब्रशला सापडत नाही. त्यासाठी जुन्या पंचाची वीतभर पट्टी घ्या, एका टोकाला मजबूत दोरा बांधा, पट्टी बांबूच्या काडीने आत ढकला आणि दोरा बाहेर ठेवा. साबणाचं पाणी पावभर, निवडलेला तांदूळ मूठभर. मग बाटली आडवी धरून मनगटाने फिरवा, आदळू नका. भिजलेली चिंधी खांद्यावरून सरपटत जाते आणि तांदूळ तिला काचेवर दाबून धरतो. शेवटी दोरा ओढायचा. दोरा न बांधता चिंधी टाकली तर ती बाहेर काढण्यात एक रविवार जातो. अनुभव आहे.

पूर्वी युरोपात वाइनच्या बाटल्या धुवायला शिशाचे छर्रे वापरत. शिसं काचेपेक्षा खूप मऊ असतं, ओरखडा पडत नाही, आणि जड असल्याने काम झटपट होतं. मोसच्या पट्टीवर अगदी निर्दोष. लंडनमधले रसायनज्ञ फ्रेडरिक अ‍ॅकम यांनी 1820 मध्ये खाद्यपदार्थांतल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं, त्यात एक हकीकत येते. एक धडधाकट गृहस्थ रोज जेवणानंतर अर्धी बाटली मदेरा पीत. एके दिवशी भयंकर पोटदुखीने कोसळले. रिकामी बाटली तपासली तेव्हा बुडाच्या घुमटाभोवतीच्या खाचेत छऱ्यांची ओळच्या ओळ रुतून बसलेली सापडली. धुणाऱ्याने छर्रे ओतून काढले होते, पण हे अडकून राहिले. वाइनने त्यांतलं शिसं आणि ते गोल घडावेत म्हणून घातलेलं आर्सेनिक, दोन्ही विरघळवून घेतलं होतं. त्यानंतर मी कुठल्याही बाटलीचं बूड उजेडासमोर धरल्याशिवाय ती पुसत नाही. तांदळाचा दाणासुद्धा त्या खाचेत अडकून कुजतो.

आजारी काचेवर इलाजच नाही असं नाही. परदेशातले हौशी लोक बाटली एका गोल फिरणाऱ्या डब्यात बसवतात. आत तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, पाणी आणि सीरियम ऑक्साइडसारखी पॉलिशची पूड घालतात आणि डबा कित्येक दिवस संथ फिरत ठेवतात. तांबं स्वतः ओरखडत नाही, ते फक्त पूड काचेवर दाबतं, आणि खराब झालेला थर अतिशय बारकाईने उतरवला जातो. ही सफाई नव्हे, हे काचेला नवा पृष्ठभाग देणं आहे. बाटली लख्ख होते. जुनी वाटेनाशी होते, असं माझं मत. ज्यांना आवडतं त्यांनी करावं.

सगळ्यात अवघड बाटली मला गोटी सोड्याची वाटते. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. गळ्यात कोंडलेली काचेची गोटी सोड्याच्या दाबाने वरच्या रबरी कडीवर घट्ट बसते आणि बूच म्हणून काम करते. तिच्यात ब्रश जात नाही, चिंधी जात नाही, तांदूळ गेलाच तर परत येत नाही. गळ्यात काचेचे दोन खळगे असतात. बाटली त्या बाजूला तिरकी केली की गोटी त्यांत अडकून बसते आणि पाण्याला वाट मिळते. त्या वाटेने लिंबूसत्त्वाचं पाणी आत सोडायचं, दोन दिवस ठेवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. घासायची सोयच नसल्यामुळे मी आजवर एकाही गोटीच्या बाटलीवर आतून ओरखडा पाडलेला नाही.

उरलं वाळवणं. उलटी ठेवलेली बाटली वरून कोरडी दिसते, पण तिच्या खांद्याच्या आत थेंब लोंबत राहतात, आणि तेच पुढचा आजार पेरतात. टीपकागदाची लांब सुरळी करून ती बुडापर्यंत सोडावी आणि टोक बाहेर ठेवावं, म्हणजे ती वातीसारखं पाणी वर ओढते. ओला कागद बदलत राहायचं. मे महिन्यात एक दिवस पुरतो. गेल्या श्रावणात आमच्या आत्याकडच्या आगळाच्या सहा बाटल्या धुतल्या, त्यांना पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी आत्या बुचं घेऊन आली, तेव्हा एका बाटलीच्या खांद्याशी अजून बोटभर धूर दिसत होता. "राहू दे रे उघडीच," म्हणाली आणि बुचं पदरात बांधून परत गेली.